भुजंगमास्तरांचा आठवा अर्ज

या, अशा जवळ या. उंबऱ्यात उभं राहून बोलायची ही कुठली रीत? आणि तोंडं का अशी उतरलीत तुमची? संशोधनाच्या जागेसाठी अर्ज केला, विद्यापीठानं नाही म्हटलं, म्हणून दोन दिवस नीट जेवला नाहीत म्हणे. शहाणेच आहात! नकार काय तुम्ही पहिल्यांदा शोधून काढलात? अहो, निजामाच्या अमदानीत आमच्या शेजारच्या भुजंगमास्तरांना ओळीनं सात नकार आले. आणि नकाराचं पाकीट आलं की त्या दिवशी हा माणूस अर्धी भाकरी जास्त खायचा. "आक्का, पिठलं वाढ आणखी," म्हणायचा. "आता पुढच्या अर्जाला ताकद लागंल."

बसा. सांगते.

भुजंगमास्तर कधी 'एक' म्हणायचे नाहीत. 'लाभ' म्हणायचे. काहीही मोजायला लागले की लाभ, दोन, तीन, चार. मिडल स्कुलात ते हिसाब शिकवायचे. वर्गात शिरले की पहिल्या बाकावरच्या पोराच्या डोक्यावर बोट ठेवून "लाभ!" म्हणून मोजणी सुरू. त्या पोराचं नावच पुढं शाळाभर लाभ पडलं. त्याच्या लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक त्याला लाभशेठ म्हणत होते. दुपारी कुणी विचारलं, "मास्तर, किती वाजले?" तर मास्तर घड्याळ बघून गंभीरपणे सांगणार, "लाभ वाजून दहा मिनटं." नांदेडात नवीन आलेला माणूस हे ऐकून दोन पावलं मागं सरायचा.

तुम्ही धान्य पिशवीतून आणता, तुम्हाला ठाऊक नसेल. बाजारात मापाडी धान्य मापायला बसला की पहिली पायली ओतताना तो 'एक' म्हणत नाही. 'लाभ' म्हणतो. दुसरीला दोन, तिसरीला तीन, सगळं सरळ. फक्त पहिलीला लाभ. मुसलमान मापाडी असला तर 'बरकत' म्हणतो. हे सगळ्या मुलखाला माहीत होतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. मास्तरांना वाटत होतं. एकाच्या जागी दुसरा शब्द का? कुठल्या बाजारात कुठला? देगलूरकडं तेलुगू बोलणारा मापाडी काय म्हणतो? उदगीरकडचा कानडी काय म्हणतो? मापाडी हिंदू, धान्यवाला मुसलमान असला तर कोण कुणाचं ऐकतो? या माणसाला तेवढंच हवं होतं. "इथं तहकीकात हाय!" असं ते म्हणायचे. तहकीकात म्हणजे तुमचं संशोधन. पण मास्तर तो शब्द असा उच्चारायचे, जसं दुसरं कुणी गरम जिलबी म्हणेल.

बाजारात जाऊन मापाड्याला नुसतं विचारलं तर तो काय सांगणार? तो म्हणणार, "एकच म्हणतो की." म्हणून मास्तर धान्य विकत घ्यायचे आणि मापताना कान देऊन ऐकायचे. एका मापाड्याकडून ज्वारी, दुसऱ्याकडून हरभरा, तिसऱ्याकडून करडई. ते सगळं घरी यायचं, आणि घरात होत्या आक्का.

आक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. लहानपणीच कपाळ पांढरं झालेलं, मुखेडला माहेरी परत आलेली. पुढं आईबाप लागोपाठ गेले आणि हे पोर हिच्या पदरात पडलं. मुखेडच्या बाजारात एका आडत्याच्या दुकानी धान्य पाखडून, मापून हिनं त्याला वाढवलं, हैदराबादला धाडून एम. ए. केलं. मी लग्न होऊन नांदेडला आले तेव्हा आक्कांची पन्नाशी झाली होती, नजर थोडी अधू झाली होती; तोंड मात्र चांगलं शाबूत होतं.

"पोरी," त्या मला भिंतीवरून सांगायच्या, "ह्याच्या तहकीकातीपायी आठ दिस झाले, मी हरभराच शिजवून राहिले. आज ह्यानं पुन्हा हरभरा आणलाय. का रं भुज्या, ज्वारीवाल्याला मोजता येत न्हाई का?"

आता अर्जांचं सांगते. हैदराबादची गाडी आली की तिच्याबरोबर आदल्या दिवसाचं वर्तमानपत्र यायचं. ते वाचनालयात पोचायच्या आधी मास्तर वाचनालयात पोचलेले असायचे. बातम्या ते वाचायचे नाहीत. शेवटच्या पानावरचे इश्तिहार, म्हणजे जाहिराती वाचायचे. हैदराबाद, म्हैसूर, मद्रास, कुठल्याही विद्यापीठात तहकीकातीची जागा निघाली, वजीफा म्हणजे तुमची शिष्यवृत्ती निघाली, की तो मजकूर उतरवून आणायचे आणि घराच्या भिंतीवर कोळशानं लिहायचे, अखेरच्या तारखेसकट. आक्का पोतेरं घेऊन पुसायला आल्या की म्हणायचे, "आक्का, मुदत संपंपर्यंत ऱ्हाऊ दे."

पहिला इश्तिहार माशांचा. गोड्या पाण्यातल्या माशांवर दोन वर्षं काम करणारा माणूस पाहिजे. मास्तरांचा आणि माशांचा संबंध एवढाच, की नदीवर आंघोळ करताना ते पायाला डसायचे. तरी गोदावरीतून चार मासे आले आणि आक्कांच्या आंघोळीच्या हंड्यात राहायला लागले.

"भुज्या, हंडा मोकळा कर."

"आक्का, तहकीकात चालू हाय."

"चालू ऱ्हाऊ दे. मी आंघोळ कशात करू? त्यांच्यासंगं?"

अर्ज झाला सहा पानांचा. त्यात मासे अर्ध्या पानात संपले. उरलेल्या साडेपाच पानांत घाटावरचे भोई मासे विकताना पहिल्या माशाला काय म्हणतात, हे होतं! पुढं ताऱ्यांची जागा निघाली. मास्तरांनी लिहिलं की ज्योतिषी नक्षत्रं मोजताना सुरुवात कशी करतो ते बघितलं पाहिजे. मातीची निघाली तेव्हा त्यांनी लिहिलं की विहीर खणणारे वडार मातीच्या पाट्या मोजतात, त्यात पहिली पाटी देवाची. इश्तिहार कशाचाही निघो, अर्ज लाभाचाच. तिकडं विद्यापीठात बसलेल्या माणसांना काय वाटत असेल, देव जाणे.

हे मला कसं ठाऊक, तर ते अर्ज मी उतरवायची. मास्तरांचं अक्षर म्हणजे धान्यावर किडे चालून गेल्यासारखं. ते पोरांच्या पेपरांच्या पाठीमागं आधी मराठीतून कच्चं लिहायचे, मी ते मोठ्या अक्षरात नीट उतरवून द्यायची, मग ते समोर ठेवून मास्तर त्याची उर्दू करायचे, म्हैसूर-मद्रासला इंग्रजी. मी माहेरी दुसरीपर्यंत शिकलेली. जे काय लिहायला-वाचायला आलं, ते ह्या अर्जांवर आलं. आमचे हे म्हणायचे, "तू मला चिठ्ठी लिहितेस तीसुद्धा 'सेवेशी सादर' करून लिहितेस."

अर्जाच्या शेवटी एक रकाना असायचा, 'विशेष काही' म्हणून. सगळे लोक तो कोरा सोडत असतील. मास्तर त्यात दर वेळी एक ओळ लिहायचे, अगदी तीच: "उमेदवाराची थोरली बहीण सोबत राहील."

आणि प्रत्येक इश्तिहाराच्या तळाशी छापलेलं असायचं, की निवड झालेल्या माणसाला विद्यापीठाच्या वसतिगृहात राहावं लागेल, एकट्यानं.

मी एकदा म्हटलं, "मास्तर, इथं तर एकट्यानं राहायचं लिहिलंय. मग ही ओळ?"

"वैनी, तुम्ही उतरवा," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखा नव्हता. मी उतरवली. पुन्हा विचारलं नाही. आणि आक्कांपाशी बोलले नाही, कारण त्यांनीही विचारलं नाही. त्यांना वाटायचं, आपला भाऊ भोळसट आहे, म्हणून नकार येतात.

असे सात झाले.

मग एका उन्हाळ्यात मास्तर वाचनालयातून आले ते ओसरीवरच बसले. भिंतीवर काही लिहीनात. आक्का घाबरल्या, मला हाक मारली. मी गेले. मास्तरांनी हातातला कागद माझ्याकडं दिला. हैदराबादच्या विद्यापीठाचा इश्तिहार. रियासतीतल्या गावबाजारांची मापं, मापाडी आणि त्यांच्या चालीरीती ह्यावर दोन वर्षं तहकीकात करण्यासाठी वजीफा. एम. ए. झालेला माणूस पाहिजे. मराठी यावी. वय पस्तिसाच्या आत.

"मास्तर, ही तर तुमचीच जागा की हो!" मी म्हटलं.

"तेच," ते म्हणाले. "आता न्हाई म्हणले तर मलाच न्हाई म्हणले असं व्हईल. माशांचं न्हाई, ताऱ्यांचं न्हाई."

चौतीस सरत आली होती त्यांची. पुन्हा असा इश्तिहार निघेपर्यंत वय निघून गेलं असतं. हे त्यांनाही कळत होतं, मलाही. त्या दिवशी त्यांनी अर्धी भाकरी कमी खाल्ली.

ह्या अर्जाला आणखी एक अट होती. उमेदवाराच्या कामाशी प्रत्यक्ष परिचय असलेल्या दोन व्यक्तींच्या शिफारशी, मोहोरबंद लिफाफ्यात, उमेदवारानं न वाचता पाठवलेल्या. आता तुम्हीच सांगा, असं छापलेलं असलं की लोक काय करतात? मोठ्या हुद्द्याची माणसं धरतात. शाळेचे हेडमास्तर भले माणूस, म्हणाले, "भुजंगराव, तालुकदार साहेबांशी माझी बसउठ आहे. त्यांची शिफारस आणून देतो."

मास्तर म्हणाले, "साहेबांनी पायली कधी हातात धरली का?"

"त्याचा काय संबंध?"

"इथं छापलंय की. कामाशी प्रत्यक्ष परिचय."

हेडमास्तरांनी डोक्याला हात लावला. मास्तर मात्र सर्व्हिस मोटारीत बसून मुखेडच्या बाजाराला गेले आणि पहिली शिफारस घेऊन आले जैतूनबीची. जैतूनबी म्हणजे तिथली मापाडीण. आक्का आडत्याकडं होत्या तेव्हापासून शेजारी बसून मापणारी, हात लोखंडाचा, जीभ त्याहून तिखट. तिनं पोस्टाच्या मुन्शीला सांगून कागद लिहवला, खाली अंगठा केला आणि लाख लावून बंद केला. मास्तरांनी नुसतं विचारलं, "जैतूनबी, नीट लिवलंत ना?" तर म्हणाली, "कायकू बताऊं? मोहर मारी ना मैं? चलो, हटो, गिऱ्हाइक आया."

दुसरी शिफारस आक्कांची. मास्तरांचं म्हणणं, मोजणं आपण शिकलो ते आक्काच्या मांडीशी धान्याच्या राशीत बसून. आपल्या कामाची तिच्याइतकी जाण कुणाला? सांगून ते शाळेत गेले, म्हणजे लिहिताना आपण घरात नको.

दुपारची वेळ. आक्का सुपात तूर निवडत बसलेल्या. मी दौत-टाक घेऊन पुढ्यात.

"काय लिहू आक्का?"

"लिही. भुजंग हा माझा भाऊ. लई चिवट हाय. त्यानं माझा हंडा नासवला. त्यानं घरात अकरा जातींचं धान्य भरून ठिवलंय आणि त्यात पोरकिडे झालेत." त्या थांबल्या. "हे लिहिलंस?"

"लिहिलं."

"बरं केलंस. खरं लिवायला सांगितलंय ना त्यांनी? मग लिही. पन त्यानं आजवर कुठल्या मापाड्याला फशिवलं न्हाई. ऐकलं तेच लिवलं. त्याला जे कळलं न्हाई, तिथं 'कळलं न्हाई' असं लिवलं. असा मानूस तुमाला गावायचा न्हाई." मग सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "पोरी, त्याचा अर्ज हाय का तुझ्यापाशी? सगळा वाच बरं. त्यानं काय लिवलंय ते ऐकल्याबिगर मी काय शिफारस करू?"

मी वाचायला लागले. आक्कांना फार मजा आली. देगलूरच्या मापाड्याचं आलं तेव्हा हसल्या, मुखेडच्या आडत्याचं दुकान आलं तेव्हा म्हणाल्या, "हे बरोबर लिवलंय, तिथं निंबच होता." आणि वाचण्याच्या भरात माझ्या तोंडून शेवटचा रकानाही वाचला गेला. उमेदवाराची थोरली बहीण सोबत राहील.

आक्कांनी त्या ओळीच्या कागदावर बोट ठेवलं.

"हे आताच लिवलं का?"

मी म्हटलं, "नाही आक्का. दर वेळी असतं."

"सातही येळा?"

"सातही."

"आणि ते लोक काय म्हणतेत? बहीण चालंल?"

आता खोटं कसं बोलू? मी वसतिगृहाचं सांगितलं. आक्कांनी सूप पुन्हा पुढं ओढलं. दोन मुठी तूर निवडली. मग म्हणाल्या, "टाक घे. लिही. मी भुजंगची बहीण, मला नांदेडात बरं हाय. मी त्याच्यासंगं येनार न्हाई. त्यानं काही लिवलं असलं तरी धरू नये. त्याला एकट्याला घ्यावं."

"आक्का, त्यांना कळलं तर?"

"कळंल कसं? मोहोरबंद हाय. आण ती लाख. मी लावते, तुझ्या हातानं सांडंल."

अधू नजरेनं त्यांनी स्वतः लाख वितळवली, लावली, अंगठीचा ठसा दाबला. बोट भाजलं, तरी काही बोलल्या नाहीत. मास्तर संध्याकाळी आले तेव्हा मात्र पुष्कळ बोलल्या. चपला दारात सोडल्या म्हणून.

दीड-दोन महिन्यांनी हैदराबादहून मुलाखतीचं बोलावणं आलं. मास्तर शेरवानी मागून आणून गेले, चौथ्या दिवशी परत आले. आक्का घाटावर गेलेल्या. मास्तर थेट आमच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "वैनी, पानी द्या. लई गोंधळ झाला."

तिघं बसले होते म्हणे समोर. त्यातला एक म्हातारा प्रोफेसर मराठी जाणणारा, आणि त्यानं लिफाफे सरळ मास्तरांच्या पुढ्यातच फोडले. आधी जैतूनबीचा. दोनच ओळींचा: "ये मास्टर पूछता भौत, लेता कम. मगर लिखता सच." तिघं हसले. मग आक्कांचा. प्रोफेसर एकेक वाक्य मोठ्यानं वाचून उरलेल्या दोघांना उर्दूत सांगू लागले. हंडा नासवला, ह्याची अदबशीर उर्दू करताना त्यांना घाम फुटला. पोरकिड्यांना उर्दूत काय म्हणायचं ते तिघांनाही येईना. असं करत करत ते शेवटाला आले.

मास्तर म्हणाले, "वैनी, ते वाचलं आणि मी खाली बघितलं. वर बघवंना."

प्रोफेसरांनी मास्तरांचा अर्ज आणि आक्कांचा कागद शेजारी शेजारी ठेवले. म्हणाले, "मास्तर, तुम्ही म्हणता बहीण येणार. बहीण म्हणते येणार नाही. आम्ही कुणाचं खरं धरावं?"

मास्तर म्हणाले, "साहेब, बहीण न्हाई तर मीही न्हाई. मला जावं लागंल." आणि उठले. उठले हो! जन्मभराची जागा समोर मांडलेली, आणि हा माणूस टोपी उचलायला लागला.

"बसा," प्रोफेसर म्हणाले. "हे तुमचे बाजार भरतात कुठं?"

"नांदेड, मुखेड, हिमायतनगर. तिकडं लातूर, उदगीर."

"हैदराबादेत किती?"

"एकही न्हाई, साहेब."

होय, चक्क 'एकही' म्हणाले! मला सांगताना तेच दचकले.

"मग इथं वसतिगृहाच्या खोलीत बसून तुम्ही कुणाचं माप ऐकणार?" प्रोफेसरांनी बाकीच्या दोघांकडं बघितलं. "काम जिल्ह्यात, तर मुक्कामही जिल्ह्यात. दर तिमाहीला इथं येऊन कच्चा मजकूर दाखवायचा." आणि तसा शेरा मारून टाकला. जागा मिळाली.

बघा म्हणजे कसं! भिंतीवर कोळशानं सात-सात इश्तिहार लिहिणाऱ्या माणसाच्या, आणि ते सगळं उतरवणाऱ्या माझ्याही, हे कधी डोक्यात आलं नाही, की हे काम घरी राहून करायचं असतं आणि तसं विचारताही येतं. अट छापलेली दिसली की आम्ही ती देवानं छापली असं समजायचो.

मी म्हटलं, "मास्तर, पेढे आणा!" ते म्हणाले, "आणतो. पन वैनी, एक ऐका. आक्काचा कागद मला वाचून दाखवला, हे तिला सांगू नका. तिनं ते मला कळू नये म्हणून लिवलं. तिचं तेवढं ऱ्हाऊ द्या."

आक्का घाटावरून आल्या. मास्तरांनी त्यांना सांगितलं ते एवढंच: जागा मिळाली, मुक्काम इथंच, आणि बाजारोबाजार हिंडायला जोडीला कुणीतरी कान असलेला माणूस लागेल, कारण धान्य ओततानाच्या आवाजात आपल्याला नीट ऐकू येत नाही.

"मी कुठं येऊ बाई आता, म्हातारी झाले," आक्का म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता खुंटीवरची पिशवी काढून झटकायला लागल्या.

पहिला बाजार हिमायतनगरचा ठरला. मी टेशनवर पोचवायला गेले. मास्तर तिकिटं काढायला गेले तसं आक्कांनी मला बाजूला ओढलं. "पोरी, खरं सांग. त्या कागदातलं त्याला कळलं तर न्हाई ना?"

मी म्हटलं, "छे हो आक्का. मोहोरबंद होता की."

"मग बरं हाय," त्या म्हणाल्या. "कळलं असतं तर मनाला लावून घेतलं असतं त्यानं. वरून दिसतो तसा न्हाई तो."

गाडी आली. मास्तरांनी आक्कांना हात देऊन वर चढवलं आणि उन्हाच्या बाजूला आपण बसले. गाडी हलली तरी आक्का त्यांना तिथून उठवायला बघत होत्या, उन्हात बसतोस म्हणून रागं भरत होत्या; ते ऐकू येईनासं होईतो मी फलाटावर उभी होते.

दोघांनाही जाऊन आता वर्षं झाली. दोघांचं गुपित मी सांभाळलं, एकमेकांपासून शेवटपर्यंत. आज पहिल्यांदा बोलले.

तर उठा, हातपाय धुवा, जेवून जा. आणि नवीन अर्ज कराल तेव्हा टाईप करायच्या आधी कच्चा कागद घेऊन माझ्याकडं या. फार दिवस लावू नका. अजून मला मोठ्या अक्षरातलं दिसतं.